खान्देशातली दफ्तरं आणि कलासंग्रह : जायचं कसं, बघायचं काय, मागायचं काय

मोडी कागद, हस्तलिखित पोथी, यादवकालीन मूर्ती किंवा एखाद्या जुन्या छायाचित्रकाराची मूळ कामं बघायची म्हटलं की आपल्याकडचा माणूस पुण्या-मुंबईच्या गाडीचं तिकीट काढतो. जरूर जावं. पण धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. त्याच गावात श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर आहे. चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस यांचं घर आणि त्यातला कलासंग्रह आहे, आणि जळगावला जैन हिल्सवर गांधी तीर्थ. ही ठिकाणं आधी पाहिली तर पुण्यात जाऊन काय विचारायचं हेही नीट कळतं.

अशा संस्थांमध्ये काचेमागे मांडलेलं असतं ते थोडं. खरा ऐवज कपाटांत, पेट्यांत, लाल फडक्यात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, म्हणजे रुमालांत असतो, आणि तो मागितल्याशिवाय समोर येत नाही. अर्ध्या तासात दालनातून फेरी मारून, दाराशी फोटो काढून परतणाऱ्याला ती संस्था दिसतच नाही. मागायचं कसं, हे कळावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

निघण्याआधी : एक प्रश्न, एका कागदावर

प्रश्न जितका लहान तितकं काम सोपं. ‘मला खान्देशाचा इतिहास हवा आहे’ असं म्हटलं तर तिथला माणूस तुम्हाला चार जाड पुस्तकं देईल आणि त्याचं काम संपेल. त्याऐवजी असं विचारा : आमच्या गावाचं नाव पेशवाईतल्या कागदांत कुठे येतं का? आमच्या घराण्याची पाटीलकी कोणत्या सनदेनं चालत आली? साक्री तालुक्यातल्या बलसाण्याच्या मंदिरांवर आधी कोणी काय लिहून ठेवलं आहे? १९३६ च्या फैजपूर काँग्रेसबद्दल त्या वेळच्या नियतकालिकांत काय छापून आलं? अशा प्रश्नाला उत्तर मिळतं, किंवा ‘आमच्याकडे नाही, पण अमुक ठिकाणी बघा’ एवढं तरी नक्की मिळतं.

प्रश्नाखाली चार गोष्टी लिहा : गाव, तालुका, साधारण काळ, आडनाव किंवा व्यक्तीचं नाव. जिल्ह्याच्या नावाकडे विशेष लक्ष द्या, कारण इथे अनेकांचा शोध अडतो. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांची जळगाव आणि धुळे ही नावं रूढ झाली. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. म्हणजे शहादा, तळोदा, नवापूरचं १९३० सालचं काही शोधत असाल तर ‘पश्चिम खान्देश’ हे नाव डोक्यात ठेवून सूची बघायची. त्याहून मागं गेलात तर आणखी एक गंमत : १८६९ साली नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत मालेगाव आणि बागलाण खान्देशातच मोजले जात.

घरी बसून एक वाचन मात्र करूनच निघा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खान्देशावर आहे, १८८० साली छापलेला. तो इंग्रजीत आहे आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतो. शेवटच्या भागात गावांची वर्णानुक्रमे माहिती आहे. आपलं गाव, शेजारची बाजारपेठ, जवळचा किल्ला एवढं वाचून टिपण काढलं तरी पुरे. त्यातली इंग्रज अधिकाऱ्यांची मतं जशीच्या तशी गिळू नयेत, भिल्ल आणि इतर आदिवासी समाजांबद्दल लिहिलेली तर मुळीच नाही. पण रस्ते, पिकं, देवळं, बाजाराचे दिवस या नोंदी आजही उपयोगी पडतात.

फोन, पत्र आणि पिशवी

या संस्था मोठ्या सरकारी संग्रहालयांसारख्या नाहीत. माणसं मोजकी, बरीचशी कामं संस्थेवरच्या प्रेमानं चाललेली. त्यामुळे आधी फोन करणं हा शिष्टाचार तर आहेच, पण गरजही आहे. वेळ, साप्ताहिक सुट्टी, त्या दिवशी ग्रंथपाल किंवा दफ्तर सांभाळणारी व्यक्ती हजर आहे का, हे तीन प्रश्न विचारा. नुसतं दालन बघायचं असेल तर तसं सांगा. कागद काढून बघायचे असतील तर प्रश्न फोनवरच वाचून दाखवा, म्हणजे रुमाल आधीच काढून ठेवता येतो. दिवाळी, गणपती, लग्नसराई या दिवसांत फोन न करता गेलात तर कुलूप बघून परत यावं लागेल.

विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांचं पत्र न्या. नसाल तर स्वतःच्या सहीचा साधा अर्ज पुरतो : ‘मा. कार्यवाह यांस’ असं वर, खाली आपण कोण, काय शोधतो, कशासाठी आणि किती दिवस येणार. सोबत ओळखपत्राची प्रत. असा अर्ज संस्थेच्या फायलीत राहतो आणि पुढच्या खेपेला ओळख सांगावी लागत नाही.

पिशवीत दोन पेन्सिली, टोकयंत्र, कोरी वही, भिंग, चष्मा आणि थोडे सुटे पैसे. शाईचं पेन, बॉलपेन बाहेरच ठेवायचं. शाईचा एक थेंब तीनशे वर्षांच्या कागदावर पडला की तो काढणारा कोणी नाही. पाण्याची बाटली टेबलापासून लांब. फोन चार्ज केलेला असू द्या, पण तो वापरायचा विचारून.

ऋतूबद्दल खान्देशी माणसाला काय सांगावं! बाहेरगावच्या पाहुण्याला बोलावणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ सांगा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर गेल्यावर दुपारी कोणाचंही डोकं मोडी अक्षरात चालत नाही. धुळं मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांवर आहे, त्यामुळे एसटी कुठूनही मिळते. रेल्वेनं येणाऱ्यानं मुंबई-भुसावळ मार्गावर चाळीसगावला उतरावं. तिथून धुळ्याला फाटा जातो. मुक्कामाची तयारी असेल तर एक दिवस चाळीसगाव, दोन दिवस धुळे अशी आखणी चांगली बसते. एका दिवसात दोन्ही उरकायचा हट्ट धरू नका.

राजवाडे मंडळ : आत जाण्याआधी कळायला हवं ते

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ या नावानं बावीस खंड छापले. पहिला १८९८ साली निघाला. वाईला मिळालेले पानिपतच्या काळातले कागद त्यात आहेत. त्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला, लोकांच्या माळ्यावरची, फडताळातली दफ्तरं उतरवून घेतली, वाचली, नकलून काढली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकारानं. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथंच गेले. मागं राहिले कागदांचे ढीग, शब्दांची टिपणं, अर्धवट ग्रंथ. ते उधळले जाऊ नयेत म्हणून भास्कर वामन भट आणि धुळ्याच्या इतर मंडळींनी १९२७ मध्ये हे मंडळ स्थापन केलं.

धुळेकरांनी तेव्हा एक फोटो लावून, हार घालून सभा संपवली असती तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी तो ढीग निवडायला घेतला. राजवाड्यांचा मराठी धातुकोश त्यांच्यामागं या मंडळानं छापला. ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवलं. पुढे राजवाड्यांचं समग्र साहित्य तेरा खंडांत आणलं. म्हणून तिथं गेल्यावर फक्त ‘वस्तू कुठे आहेत?’ असं विचारू नका. ‘संशोधक’चे जुने अंक आणि त्यांची सूची मागा. खान्देशातल्या एखाद्या देवळावर, ताम्रपटावर, घराण्यावर लिहिलेला लेख तिथं मिळण्याची शक्यता इतर कुठल्याही ग्रंथालयापेक्षा जास्त. माझं तर ठाम मत आहे, की पहिल्या भेटीत मूळ कागदाला हात लावायच्या आधी अर्धा दिवस या अंकांना द्यावा. आधीच्या लोकांनी काय वाचून ठेवलंय ते कळलं, की आपला प्रश्न निम्म्यानं सुटतो आणि उरलेला निम्मा धारदार होतो.

दालनात मूर्ती बघताना

दगडी मूर्तींपुढून लोक सगळ्यात भराभर जातात. नाव लिहिलेली पाटी वाचली, झालं. थोडी पद्धत ठेवली तर एकेका मूर्तीपुढं पंधरा मिनिटं सहज जातात.

चार हातांची विष्णुमूर्ती असेल तर उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करा. मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. त्या क्रमानं शंख, चक्र, गदा, पद्म यांपैकी काय कुठे आहे ते वहीत लिहा. या चार आयुधांच्या क्रमावरून विष्णूची चोवीस रूपं ठरतात. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. आपल्या उजवी-डावीत गोंधळ होतो, म्हणून लक्षात ठेवा, उजवा हात मूर्तीचा धरायचा, आपला नाही. हात तुटलेला असेल तर तिथं ‘भग्न’ लिहा, अंदाजानं भरू नका.

मग पायाशी बघा : वाहन कोणतं, सेवक कोण, दान देणाऱ्याची लहानशी आकृती हात जोडून बसली आहे का. मागच्या प्रभावळीत लहान अवतार कोरलेले असतात. दगडाचा पोत बघा. आपल्याकडची बहुतेक शिल्पं काळ्या बेसाल्टमधली, त्यात बारीक दागिने कोरणं किती अवघड हे भिंगातून पाहिल्यावर कळतं. आणि पाटीवर ‘कुठून मिळाली’ हे असेल तर ते गाव नक्की टिपा. मूर्ती हलवली की तिचं देऊळ हरवतं, ती नोंदच त्या दोघांना जोडून ठेवते.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड, दिसला तर खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई वळवून नेणाऱ्यांशी झुंज, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, अगदी टोकाला सूर्य-चंद्र. बांगड्या घातलेला, कोपरात वाकलेला हात कोरला असेल तर ती सतीशिळा. हे एकदा डोळ्यांत बसलं की परतताना गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला दगड वेगळाच दिसायला लागतो. त्याला शेंदूर लावणाऱ्यांशी वाद घालू नका. फोटो काढा, मोजमाप घ्या, गट क्रमांक किंवा जवळची खूण लिहा आणि मंडळाला कळवा.

टेबलावर रुमाल आल्यावर

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदासाठी सुती हातमोजे बहुधा नकोतच, त्यांनी बोटांना अंदाज राहत नाही आणि कडा फाटतात. काचेच्या निगेटिव्ह आणि छायाचित्रांसाठी मात्र मोजे मागून घ्या. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय दारातच सोडायची. त्याला एक सज्जड कारणही आहे : जुन्या पोथ्यांत चूक झालेल्या अक्षरांवर लेखक पिवळा हरताळ फासत, आणि हरताळात आर्सेनिक असतं. पोथी हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाला जाऊ नका.

पोथीची पानं सुटी असतात. दोन्ही हातांनी एक पान उचला, वाचून झालं की त्याच क्रमानं पालथं ठेवा. एकावेळी एकच गठ्ठा उघडायचा. रुमाल बांधताना ज्या क्रमानं सुटला त्याच क्रमानं बांधायचा. क्रम चुकीचा वाटला तरी तुम्ही लावू नका, सांभाळणाऱ्याला दाखवा. कागदावर कागद ठेवून लिहायचं नाही, कोपर टेकायचं नाही.

पोथी हातात आली की शेवटचं पान आधी बघा. तिथं पुष्पिका असते : शक, तिथी, गाव, कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली. पुष्कळ ठिकाणी लेखकाचा एक जुना संस्कृत श्लोक सापडतो. पाठ, कंबर, मान मोडून, नजर खिळवून हे लिहिलंय, तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून याला जपा, अशी विनवणी त्यात असते. ती वाचल्यावर पोथी कशी धरायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

मोडी येत नसेल तर घाबरू नका, पण दोन महिने आधी सुरुवात करा. मुळाक्षरांचा तक्ता घ्या आणि आधी छापील मोडी वाचा, मग हाताचं. मोडीत आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली अक्षरं लिहीत. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक फारसा पाळत नाहीत. म्हणून अक्षर अक्षर लावण्यापेक्षा ठरलेले साचे आधी ओळखा : वर ‘श्री’, मग ‘राजश्री … गोसावी यांसि’, मध्ये ‘विनंति उपरि’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. हे साचे दिसले की मधला मजकूर आपोआप लहान होतो. माणसांची आणि गावांची नावं सगळ्यात शेवटी लावा, ती अंदाजानं लावलेली चुकतात. एखादं नाव नाहीच लागलं तर मोकळी जागा सोडून पुढे जा. जागा मोकळी राहिली तर पुढचा माणूस भरेल. चुकीचं नाव भरलंत तर तेच पुढे दहा पुस्तकांत जाईल.

तारीख कशी काढायची

कागद वाचला पण साल कळलं नाही तर तो कागद अर्धाच हाती आला. म्हणून हा भाग वहीच्या पहिल्या पानावर उतरवून न्या.

शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९. फसली, म्हणजे महसुली सनात ५९० मिळवा, आणि महिना जानेवारी ते मे-जूनच्या सुरुवातीपर्यंतचा असेल तर ५९१. पेशवाईच्या कागदांत फार वेळा शुहूर सन येतो, तोही अरबी आकड्यांच्या शब्दांत. त्यात ५९९, किंवा महिना जानेवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचा असेल तर ६०० मिळवायचे. फसली आणि शुहूर दोन्ही मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात.

शब्द असे : इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. तिसैन म्हणजे ९०, मया १००, मयातैन २००, अलफ १०००. ‘सन इहिदे तिसैन मया व अलफ’ असं आलं तर १ आणि ९० आणि १०० आणि १०००, म्हणजे ११९१. त्यात ५९९ मिळवले की १७९०. त्यामुळे ते वर्ष जून १७९० ते जून १७९१ असं धरायचं. पुढे ‘छ’ आणि आकडा दिसला तर ती मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी : ‘छ ५ रमजान’ म्हणजे रमजानची पाचवी. पत्रावर आणखी एक तारीख असू शकते, ती पत्र पोहोचल्याची. लिहिल्याची आणि पोहोचल्याची तारीख वेगवेगळी टिपा. पुण्याहून सुटलेलं पत्र थाळनेरला किती दिवसांनी आलं हे त्यातूनच कळतं.

हा हिशेब किती जिवंत आहे ते बघायचं असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जा. तिथल्या शिलालेखात शके ११२८ आहे, म्हणजे इसवी सन १२०६-०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोन्हदेवानं त्याला दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. लेख संस्कृत असला तरी शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, कारण दानासाठी कोणी किती द्यायचं हे बाजारातल्या माणसाला समजायला हवं होतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांसमोर आणला. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या गणितज्ञाच्या ग्रंथांचा मठ आपल्या तालुक्यात होता, हे तिथल्या शाळांतल्या मुलांनी जागेवर जाऊन वाचलं पाहिजे असं मला फार वाटतं.

वाग्देवता मंदिर

धुळ्यातलंच हे दुसरं ठिकाण. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि समर्थ संप्रदायाच्या मठांमधून हस्तलिखितं मिळवण्याचं काम हाती घेतलं. डोमगावच्या मठातल्या, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापला. या मंदिरात मठामठांतून आणलेली बाडं, म्हणजे हाती लिहिलेल्या बांधीव वह्या आहेत. समर्थांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकिरामायण हा इथला सगळ्यात मोठा ठेवा. ते बघताना वळण बघा, ओळींमधलं अंतर बघा, पानाच्या कडेला सोडलेला समास बघा.

इथं दर्शनाला येणारे आणि अभ्यासाला येणारे दोघेही असतात. चपला बाहेर काढायच्या, आवाज लहान ठेवायचा. संतकवींच्या अप्रकाशित रचना शोधणाऱ्यानं राजवाडे मंडळाइतकाच वेळ इथं द्यावा. बाडांत एकामागोमाग एक अनेक कवींच्या रचना उतरवलेल्या असतात, त्यामुळे फक्त पहिल्या पानावरून बाड कशाचं हे ठरवू नका.

चाळीसगावला केकी मूस यांच्या घरी

कैखुश्रू माणेकजी मूस (१९१२–१९८९) मुंबईत जन्मले, इंग्लंडला कला शिकून आले आणि चाळीसगावच्या आपल्या घरात राहून आयुष्यभर काम करत राहिले. दशकानुदशकं ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. याबद्दल एक प्रेमकथा सांगितली जाते, पंजाब मेलनं येणाऱ्या एका मुलीची वाट पाहण्याची. येणारे बहुतेक जण ती ऐकायला येतात आणि ऐकून निघून जातात. माझी विनंती आहे, कथा शेवटी ऐका. आधी भिंतीकडे बघा.

त्यांचं खास काम म्हणजे टेबलटॉप छायाचित्रण. टेबलावर लहान वस्तू मांडून, उजेडाची दिशा ठरवून, त्यातून मोठं दृश्य उभं करायचं आणि त्याचं छायाचित्र घ्यायचं. अशा एका छायाचित्रापुढं थांबून क्रमानं बघा. पहिल्यांदा पाटी न वाचता काय दिसतं ते मनात ठरवा. मग सावली कुठल्या बाजूला पडली आहे ते बघा, म्हणजे दिवा कुठे होता ते कळेल. एकाहून जास्त दिवे आहेत का ते सावल्यांच्या संख्येवरून ओळखा. मग प्रमाण शोधा : झाड वाटतंय ते खरोखर काय असेल, पाणी वाटतंय ते काय? शेवटी पाटी वाचा. संगणक नव्हता, चूक झाली तर पुन्हा फिल्म, पुन्हा रसायनं, पुन्हा अंधारखोली, हे ध्यानात ठेवून बघितलं की प्रत्येक चौकटीतली मेहनत दिसते.

छायाचित्रांखेरीज चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांचं काम, पुस्तकं असं बरंच तिथं आहे. हे कलावंताचं राहतं घर होतं, म्हणून खोल्या हाही संग्रहाचाच भाग समजा. खिडक्या कुठे उघडतात, उजेड कुठून येतो, काम करायची जागा कोणती, हे विचारा. छायाचित्रकला शिकणाऱ्या मुलांनी तर वहीत दिव्यांच्या जागांचे नकाशे काढावेत.

फ्लॅश कधीच वापरू नका. तीव्र उजेड छायाचित्रांचं आणि रंगांचं नुकसान करतो आणि ते भरून येत नाही. बिनफ्लॅशचा फोटोही विचारूनच. त्यांच्या कामाचे फोटो काढून स्वतःच्या पानावर, पुस्तकात किंवा कॅलेंडरवर परवानगीवाचून छापणं हा त्या कलावंतावर अन्याय आहे, आणि कायद्यानंही ते चालत नाही.

जळगाव, आणि मुलांना नेताना

जळगावचं गांधी तीर्थ २०१२ साली खुलं झालं. इथली मांडणी आधुनिक आहे, फिरताना माहिती ऐकू येते, आणि सोबत गांधीविचारावरचं ग्रंथालय आणि दफ्तर आहे. पहिल्यांदाच संग्रहालय बघणाऱ्या मुलांसाठी चारही ठिकाणांपैकी हेच निवडा. इथं ‘बघावं कसं’ याची सवय लागते, आणि मग धुळ्याचं शांत, कमी पाट्यांचं दालन मुलांना कंटाळवाणं वाटत नाही.

पन्नास मुलं एकदम नेऊ नका. पंधरा-वीसचा गट करा, प्रत्येकाला एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढायला सांगा. प्रश्नांची छापील यादी हातात दिली की मुलं वस्तू बघत नाहीत, पाटीवरची उत्तरं उतरवतात.

घरचे कागद

या संस्था बघून आल्यावर स्वतःच्या माळ्याकडे लक्ष जातं, जायलाच हवं. गावातल्या एखाद्या आबांना विचारा, ‘जुना कागदं शेतस का घरमा?’ पुष्कळदा एक पत्र्याची पेटी निघते. वतनाचे कागद, शेतखरेदीचे दस्त, लग्नाच्या याद्या, कापसाच्या जिनाच्या किंवा गिरणीच्या हिशेबवह्या, तमाशाचे नाहीतर नाटकाचे हँडबिल, फोटो स्टुडिओचे शिक्के असलेली छायाचित्रं. ‘यात काय आहे’ म्हणून यातलं काहीही रद्दीत घालू नका. कलेच्या इतिहासाला तर ती हँडबिलं आणि स्टुडिओचे शिक्के सोन्यासारखे असतात, कारण ते दुसरीकडे कुठेच जपलेले नसतात.

लॅमिनेशन करू नका, कागद त्यात कायमचा अडकतो. सेलोटेप लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. उन्हात वाळवू नका, दमट असेल तर सावलीत पंख्याच्या मंद वाऱ्याला पसरा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना हळूच काढा. धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात बांधा, सोबत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. दसऱ्याला पूजा करताना हळद-कुंकू कापडावर वाहा, पानांवर नको. छायाचित्राच्या मागं नावं मऊ पेन्सिलीनं लिहा, तीही कडेला. आणि लिहा आजच, ओळखणारी आजी घरात आहे तोवर.

मग प्रत्येक कागदाचा फोनवर फोटो घ्या : खिडकीजवळ, थेट ऊन न घेता, कागद सपाट, शेजारी मोजपट्टी. ही चित्रं घेऊन मंडळात गेलात तर मूळ कागद न हलवता बरंच वाचून मिळू शकतं. संस्थेला मूळ कागद द्यायचं ठरलं तर तोंडी देऊ नका. कागदांची यादी करा, दानपत्र करा, पोच घ्या, आणि आपल्या घरी प्रत राहील ही अट आधीच लिहून घ्या. भावाभावांत सामाईक पेटी असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एकानं दिलेले कागद दुसऱ्यानं परत मागितले की संस्था आणि घर दोन्हीकडे कडूपणा येतो.

परत आल्यावर

त्याच रात्री टिपणं स्वच्छ उतरवा. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर संस्थेचं नाव, रुमाल किंवा बाडाचा क्रमांक, पानाचा क्रमांक आणि तारीख लिहा. क्रमांक नसलेलं टिपण सहा महिन्यांनी तुम्हालाही उपयोगी पडत नाही. लेख लिहिलात, गावाच्या जत्रेच्या स्मरणिकेत दोन पानं छापलीत, प्रबंध केलात, तरी त्यात संस्थेचं नाव आणि क्रमांक द्या आणि छापलेली एक प्रत टपालानं त्यांच्या ग्रंथालयाला पाठवा. कार्यवाहांना दोन ओळींचं पत्रही सोबत जोडा : कोणता कागद वाचला, त्यातून काय लागलं, कोणती नावं अजून लागली नाहीत.

पुढच्या भेटीसाठी फोन करताना त्याच न लागलेल्या नावांपासून सुरुवात करा.